मन चिंती ते

(रायपूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं मुद्रित रूप)

अध्यक्ष महाराज, संयोजक मंडळी, आणि खुर्च्या संपल्या म्हणून मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते त्यांच्याविषयी अध्यक्षांनी आत्ताच इतक्या आत्मीयतेनं सांगितलं, की त्यात मी भर घालणं म्हणजे तुमचा वेळ खाणं. तेव्हा थेट विषयाकडे वळतो. निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय ‘मानसशास्त्रीय रहस्यकादंबरीचं आकर्षण’. ती पत्रिका हातात धरून एक काका मला दारातच म्हणाले, "स्मृती व्याख्यानाला खून-दरोडे? ज्ञानेश्वरी संपली का?" (हशा) काका पुढच्याच रांगेत बसलेत. त्यांना सांगतो, दरोडा एकही नाही. खून आहेत, पण थोडे. आणि त्या खुनांविषयी मला फारसं बोलायचंही नाही.

रहस्यकथा म्हटली की आपल्यापैकी निम्म्या मंडळींना बाबूराव अर्नाळकर आठवतील. झुंजार आठवेल, काळापहाड आठवेल. हजारावर पुस्तकं लिहिली त्यांनी, आणि एका पिढीला वाचायची सवय लावली. मुंबई-नागपूरहून येणाऱ्या पाहुण्यांच्या पिशवीतून ही पुस्तकं इथल्या मराठी घरांतही आली असतील. त्या कथांमध्ये दुष्ट माणूस दुष्ट का झाला, असं कोणी विचारत नाही. पैसा हवा होता, सूड हवा होता, संपलं. नायक येतो, बुरखा ओढतो, पोलीस बेड्या घालतात आणि आपण दिवा मालवून झोपतो. झोप छान लागते. ही टवाळी समजू नका. झोप लागणं हाच त्या कथांचा धर्म होता आणि तो त्यांनी चोख पाळला.

आज ज्या कादंबरीविषयी बोलायचंय ती वाचून झोप लागत नाही. तिथे गुन्हेगार कोण हे बहुतेक वेळा आधीच ठाऊक असतं. कधी कधी तर गुन्हा झालाय की नाही, याचाच पत्ता नसतो. मध्यभागी असतो एक बिघडलेला, पिचलेला, काहीतरी लपवणारा माणूस. त्याच्या डोक्यात आपल्याला नेऊन बसवतात आणि बाहेरून कडी लावतात.

सगळ्यात मोठं उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. दस्तयेवस्कीची ‘गुन्हा आणि शिक्षा’, 1866 साली मासिकातून क्रमशः आलेली. सहा भाग आणि उपसंहार. पीटर्सबर्गमधला एक हुशार, कंगाल विद्यार्थी एका सावकारीण म्हातारीला कुऱ्हाडीनं मारतो, आणि तिची बहीण नको त्या वेळी घरात येते म्हणून तिलाही. हे सगळं कधी घडतं? पहिल्या भागाच्या शेवटी. म्हणजे खून झाला, कोणी केला ते कळलं, कसा केला तेही पाहिलं, आणि पुढचे पाच भाग शिल्लक आहेत. अर्नाळकरांच्या हिशेबानं तिथे पुस्तक संपायला हवं होतं. मग पाच भाग आपण वाचतो कशासाठी? तपास अधिकारी पोर्फिरी त्याला पकडायची घाईच करत नाही. गप्पा मारतो, जातो, पुन्हा येतो, पुन्हा गप्पा मारतो. त्याला बहुतेक उमगलेलं असतं. आपल्याला तर सगळंच ठाऊक असतं. तरीही पान उलटताना हात थांबत नाही. मग रहस्य उरलंय कुठे?

या प्रश्नाची दोन तयार उत्तरं आहेत. एक असं की माणसाला दुसऱ्याच्या घरात डोकवायला आवडतं. दुसरं असं की वाईट माणसाचं वाचलं की आपण त्या मानानं बरे आहोत, असं वाटून जिवाला गार वाटतं. दोन्हींत तथ्य आहे. मीही डोकावतो, तुम्हीही डोकावता. रायपूरहून दुर्गकडे लोकलनं जाताना रुळांकडे पाठ केलेल्या घरांची मागची दारं, वाळत घातलेली धुणी, ओट्यावर भांडणारं जोडपं हे बघण्याची सवय कोणाला नाही? पॉला हॉकिन्स या लेखिकेनं नेमक्या याच सवयीवर 2015 साली ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ लिहिली आणि ती जगभर खपली. रोजच्या गाडीतून एका घराकडे बघणारी बाई, पिण्याच्या आहारी गेलेली, रात्रीचं सकाळी न आठवणारी. एक बाई नाहीशी होते आणि त्या रात्री आपण कुठे होतो, काय केलं, हे हिलाच आठवत नाही. साक्षीदारही तीच आणि संशयितही तीच.

पण नुसती डोकावण्याची हौस असती, तर गुन्हेगार पकडला गेल्यावर आपल्याला आनंद व्हायला हवा होता. तसं होत नाही. पॅट्रिशिया हायस्मिथ या अमेरिकन लेखिकेनं 1955 साली टॉम रिप्ली नावाचा तरुण जन्माला घातला. खोटारडा, दुसऱ्याच्या श्रीमंतीवर डोळा ठेवणारा. तो एका श्रीमंत मित्राला मारतो आणि त्याचंच नाव, त्याचेच कपडे, त्याचीच सही घेऊन हिंडू लागतो. पोलीस दार ठोठावतात तेव्हा धडधड कोणाच्या छातीत होते? वाचणाऱ्याच्या. आणि ती कशासाठी? हा पकडला जाऊ नये म्हणून! आपण, पापभीरू माणसं, दूधवाल्यानं पाच रुपये जास्त दिले तर परत करणारी माणसं, एका खुन्याची पाठराखण करत बसतो. पुढे त्याच रिप्लीवर हायस्मिथनं आणखी चार कादंबऱ्या लिहिल्या, शेवटची 1991 साली. छत्तीस वर्षं तो सुटत राहिला आणि वाचकांनी त्याला सुटू दिलं. आपण त्याच्यापेक्षा बरे, या समाधानात हे बसत नाही.

मला काय वाटतं ते सांगतो. या कादंबऱ्यांमधलं खरं रहस्य गुन्ह्याचं नसतंच. माणूस स्वतःशी किती काळ खोटं बोलू शकतो, हे ते रहस्य आहे. त्याचं खोटं आपल्याला दिसतं, त्याला दिसत नाही. ते त्याला कधी दिसेल, दिसल्यावर तो काय करील, आणि तोवर किती जणांचं वाटोळं झालं असेल, यावर आपण डोळे लावून बसतो. या खेळात आपण कच्चे नाही. रोज खेळतो. ‘मी चिडलोच नव्हतो’, ‘माझं काही म्हणणंच नव्हतं’, ‘तिला राग येईल असं मी बोललोच काय?’ अशी वाक्यं प्रत्येक घरात दिवसाकाठी होतात. मग रिप्ली पकडला जाऊ नये असं का वाटतं? तो पकडला गेला तर ही युक्तीच उघडी पडेल ना! आपल्या म्हाताऱ्या बायकांनी हे एका म्हणीत कधीच सांगून ठेवलंय : मन चिंती ते वैरी न चिंती. वैरी बाहेर असतो तेव्हा झुंजार पुरतो. वैरी मनातच असेल तर पोर्फिरीला सुद्धा वाट बघत बसावं लागतं.

आता मराठीकडे येऊ. मराठीत सायकॉलॉजिकल थ्रिलर नाहीत, ते इंग्रजीत शोधावे लागतात, असं तरुण वाचक मला नेहमी ऐकवतात. आहेत हो. फक्त ग्रंथालयात ते रहस्यकथेच्या कपाटात ठेवलेले नाहीत. सामाजिक कादंबरीच्या कपाटात बघा, नाटकांच्या कपाटात बघा.

चिं. त्र्यं. खानोलकर घ्या. ‘कोंडुरा’ 1966 सालची. परशुराम नावाचा माणूस घरातून भांडून बाहेर पडतो, कोंडुरा नावाच्या गूढ शक्तीकडून त्याला काही वर मिळतो, आणि वराबरोबर ब्रह्मचर्याची अट. श्याम बेनेगल यांनी 1978 साली यावर चित्रपट केला. वाचताना एकच शंका मानगुटीवर बसते : हा जो आवाज याला ऐकू येतोय तो देवाचा, की याच्याच मनाच्या तळातून आलेला? देवाचा असेल तर हा भक्त. मनाचा असेल तर हा माणूस भयंकर आहे, कारण लोक त्याच्या पाया पडताहेत आणि त्याच्या हातात दुसऱ्यांच्या आयुष्याची सूत्रं आहेत. खानोलकर निकाल देत नाहीत. देवभोळ्या वाचकाला एक कादंबरी मिळते, शंकेखोर वाचकाला दुसरी.

आणि जयवंत दळवी. खानोलकर वेंगुर्ल्याच्या मातीतले, दळवीही तिकडचेच, आरवलीचे. ‘ललित’मध्ये ठणठणपाळ म्हणून लेखकांची रेवडी उडवणारा हा माणूस. त्यांची ‘अंधाराच्या पारंब्या’ ही कादंबरी आणि त्यावरूनच त्यांनी लिहिलेलं ‘बॅरिस्टर’ हे नाटक. विजया मेहता यांनी 1977 साली ते रंगभूमीवर आणलं, विक्रम गोखले बॅरिस्टर झाले. पुढे विजयाबाईंनीच त्यावर ‘रावसाहेब’ हा हिंदी चित्रपट केला. इथे जरा थांबणार आहे, कारण या प्रकारची यंत्रणा कशी चालते ते इथे फार स्वच्छ दिसतं.

काळ गेल्या शतकाच्या सुरुवातीचा. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला माणूस. बोलण्यात, वागण्यात, विचारांत पुढारलेला. मोठं, काळोखं घर. घरात केशवपन केलेली मावशी. आणि घराण्याला वेडाचा इतिहास. हे शेवटचं लक्षात ठेवा. दळवी ते लपवत नाहीत, आधीच समोर ठेवतात. जवळच राहायला एक तरुण जोडपं येतं. बायकोचं नाव राधा. नवरा जातो, आणि राधेचंही केशवपन करायची वेळ येते. बॅरिस्टर उभा राहतो आणि विरोध करतो. त्याच्या पुरोगामीपणाचा हा सगळ्यात उजळ क्षण. प्रेक्षकाला वाटतं, आता हा पुढचं पाऊल टाकणार. आणि मग? तिच्यावर जीव आहे, ते त्याच्याखेरीज सगळ्या थिएटरला ठाऊक आहे. समाजाची भीती आहे म्हणावं तर आत्ताच तर तो समाजाला तोंड देऊन आला! मग अडलंय कुठे? अडलंय रक्तात. आपल्यातही ते वेड असेल, या धास्तीत. त्या धास्तीला तो कधी सभ्यपणा म्हणतो, कधी तत्त्व म्हणतो, कधी राधेची काळजी म्हणतो. एकाही वेळी तिचं खरं नाव घेत नाही.

बघा, इथे कोणाचा खून नाही, पोलीस नाहीत, कुऱ्हाड नाही. तरी श्वास रोखून बसावं लागतं. शेवट सांगत नाही, कोणाचं वाचायचं राहिलं असेल. पण एक सांगतो. या नाटकाची भीती वेडाची आहे असं लोक म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. वेडाची भीती बॅरिस्टरला आहे. आपली भीती निराळी. चांगला, सुशिक्षित, गोड बोलणारा माणूस धैर्य दाखवायच्या नेमक्या घटकेला उंबऱ्यातच उभा राहतो आणि दुसऱ्याचं आयुष्य जळून जातं. असा माणूस आपल्यापैकी प्रत्येकाच्या घराण्यात एखादा तरी होऊन गेलाय. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोंत तो बहुतेक मधला असतो.

म्हणूनच मला वाटतं, हा प्रकार मराठी मध्यमवर्गाच्या मुळाशी बसलेला आहे. आपली घरं बोलत नाहीत. ‘घरातलं घरात’ हे आपलं घोषवाक्य. आत्या माहेरी का राहिली, काकांनी नोकरी एकाएकी का सोडली, धाकट्या मामाचं नाव काढलं की आजी स्वयंपाकघरात का जाते? मुलांनी विचारायचं नाही. आणि मुलं विचारत नाहीत म्हणूनच बघायला शिकतात. कप आपटल्याचा आवाज, पत्र घाईघाईनं घडी केल्याचा आवाज, आपण आल्यावर थांबलेलं बोलणं. अशा घरात वाढलेल्याला रहस्यकादंबरी कशी वाचायची ते कोणी शिकवावं लागत नाही. रत्नाकर मतकरींना हे बरोबर उमगलं होतं. वीसेक वर्षं बँकेत नोकरी केलेला हा लेखक. त्यांच्या ‘खेकडा’पासूनच्या गूढकथांमध्ये भुतं आहेत, पण त्यांतल्या चांगल्या कथांत भूत येण्याआधीच त्या घरातल्या माणसांमध्ये काहीतरी सडलेलं असतं. भूत फक्त त्याचा वास घेऊन येतं.

खऱ्या गुन्ह्यांविषयी दोन वाक्यं, कारण नंतर कोणीतरी विचारणारच. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात पुण्यात जोशी-अभ्यंकर म्हणून ओळखलं जाणारं हत्याकांड झालं. दहा खून. तिन्हीसांजेला पुण्याची दारं बंद होऊ लागली. पकडले गेले ते चित्रकला शिकणारे तरुण. चौघांना नोव्हेंबर 1983 मध्ये येरवड्यात फाशी झाली. त्यांतल्या मुनव्वर शहानं तुरुंगात लिहिलेली आत्मकथा ‘येस, आय ॲम गिल्टी’ मराठी वाचकांनी उत्सुकतेनं वाचली. काय शोधत होते लोक त्यात? खुनांचे तपशील तर वर्तमानपत्रांत येऊन गेले होते. लोक शोधत होते ते वळण. आपल्यासारखाच एक मुलगा, हॉटेलात चहा पिणारा, मित्रांत रमणारा, नेमका कुठल्या कोपऱ्यावर वळला? खऱ्या आत्मकथेला ते वळण दाखवता येईलच असं नाही, कारण लिहिणारा एका डोळ्यानं न्यायालयाकडे आणि एका डोळ्यानं देवाकडे बघत असतो. कादंबरीकाराला तो जाच नाही. त्यामुळे त्याला पळवाटही नाही. त्यानं ते वळण दाखवलंच पाहिजे.

आणि इथेच या प्रकारातले कामचुकार लेखक सापडतात. वळण दाखवायचे कष्ट नकोत म्हणून ते शेवटच्या प्रकरणात एक डॉक्टर आणतात. डॉक्टर चष्मा पुसत सांगतो, याला अमुक आजार होता, याच्यात दोन माणसं राहत होती, लहानपणी असं असं झालं. झालं! सगळे दोर एका गाठीत. मला या शेवटांचा मनस्वी राग येतो. एक तर ती लबाडी आहे. दुसरं, ती घातक आहे. मानसिक आजार असलेली माणसं आपल्याच घरांत आहेत. बिलासपूरजवळ सेंदरीला, नागपूरला, ठाण्याला, येरवड्याला त्यांच्यासाठी रुग्णालयं आहेत. त्यांतली बहुतेक माणसं कोणाला इजा करणारी नाहीत, स्वतःच सोसणारी आहेत. त्यांना दर वेळी कादंबरीतला राक्षस करायचं, हे कोणत्या न्यायानं? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 2004 साली ‘देवराई’ हा चित्रपट केला तेव्हा अतुल कुलकर्णींच्या शेषला स्किझोफ्रेनिया होता, आणि तरी तो कोडं नव्हता. तो माणूस होता, ज्याची बहीण त्याला सांभाळता सांभाळता थकते. त्यातही ताण आहेच, पण तो ताण कोणाला फसवून काढलेला नाही.

आपल्या छत्तीसगडमध्ये तर ही गोष्ट पुस्तकापुरती राहत नाही. गावात एखादी एकटी बाई, जरा विचित्र वागणारी, उलट उत्तर देणारी. मूल आजारी पडलं, गाय मेली, की बोट तिच्याकडे. टोनही, चेटकीण! या प्रकाराला आळा घालायला 2005 साली आपल्या राज्याला स्वतंत्र कायदा करावा लागला. ‘हिच्यात काहीतरी आहे’ ही शंका गावभर पसरते तेव्हा तो थरार असतोच, फक्त त्यात मरणारी बाई खरी असते. म्हणून म्हणतो, बिघडलेल्या माणसाविषयी लिहिणाऱ्यानं त्याच्या आत जाऊन लिहावं. बाहेर उभं राहून बोट दाखवणारी माणसं गावात आधीच पुष्कळ आहेत.

आता ज्याच्यासाठी हा विषय मी रायपूरला मुद्दाम निवडला त्या माणसाकडे येतो. तो इथून जेमतेम 70 किलोमीटरवर राहत होता. गजानन माधव मुक्तिबोध.

तुम्ही म्हणाल, ते तर कवी, आणि तेही हिंदीतले. खरं आहे. मराठी घरातला हा माणूस हिंदीत लिहीत राहिला. धाकटा भाऊ शरच्चंद्र मराठीत कवी आणि कादंबरीकार झाला. थोरला 1958 साली राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायला आला. राणीसागर आणि बूढासागर या दोन तलावांच्या मधली ती जुनी वास्तू तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल, आता तिथे स्मारक आहे. वर जाणारा तो गोल फिरणारा चक्करदार जिना पाहिलाय ना? त्यावरून चढणाऱ्याला चार पायऱ्यांच्या पुढचं दिसत नाही, आणि वर कोणी असेल तर आधी फक्त पावलं ऐकू येतात. मुक्तिबोधांच्या कवितेत जिने, विहिरी, तळघरं आणि बंद दारं का येतात, याची उत्तरं समीक्षक फ्रॉइडपर्यंत जाऊन शोधतात. मी म्हणतो आधी तो जिना चढून या.

या माणसाचे वडील ग्वाल्हेर संस्थानात पोलीस अधिकारी होते. पाठलाग होत असलेल्या माणसाची सगळ्यात मोठी कविता हिंदीत कोणी लिहिली? पोलिसाच्या मुलानं. आणि हा पाठलाग भास म्हणून सोडून द्यावा, असंही नव्हतं. 1962 साली त्यांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश सरकारनं बंदी घातली. पगार तुटपुंजा, संसार मोठा, आणि वर हे. 1964 च्या सुरुवातीला पक्षाघाताचा झटका आला आणि 11 सप्टेंबरला दिल्लीत ते गेले. वय 46. हयातीत स्वतःचा एकही कवितासंग्रह नाही. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ त्यांच्यामागून आला.

त्यातली ‘अंधेरे में’ ही दीर्घकविता मी तुम्हाला थरारकथा म्हणून वाचायला सांगतो. समीक्षक रागावतील, रागावू द्या. घटना बघा. खोल्यांमधून कोणीतरी चालतंय, दिसत नाही. भिंतीचा पोपडा पडतो आणि त्यातून चेहरा उमटतो. कोणी दारावर थाप मारतं. आत असलेल्याला ठाऊक आहे की बाहेर उभा आहे तो आपल्याच वाट्याचा, आपण व्हायला हवा होता असा माणूस. आणि तो दार उघडायला कचरतो. मग मध्यरात्री रस्त्यावर मिरवणूक निघते. बँड आहे, फौज आहे, आणि तिच्यात चालताहेत गावातले प्रतिष्ठित लोक : पत्रकार, कवी, विद्वान, मंत्री, उद्योगपती. दिवसा सभांमध्ये हार घालून घेणारे सगळे. त्यांच्याबरोबर त्याच थाटात चालतोय शहरातला कुख्यात खुनी डोमाजी उस्ताद. आणि ही मिरवणूक बघणारा बघितला जातो. यानं आपल्याला उघडं पाहिलंय, मारा याला! तो पळत सुटतो.

आता मला सांगा, या माणसाचा गुन्हा काय? त्यानं फक्त पाहिलं. आणि तरी सबंध कवितेत तो निरपराध माणसासारखा पळत नाही, अपराध्यासारखा पळतो. का? कारण मगाशी त्यानं दार उघडलं नव्हतं. दस्तयेवस्कीचा विद्यार्थी केल्याबद्दल झुरतो. मुक्तिबोधांचा माणूस न केल्याबद्दल झुरतो. खून करायची पाळी आपल्यापैकी फार थोड्यांवर येते. पण न केलेल्या गोष्टींची यादी काढायला बसलो, तर या सभागृहातला कोण सुटेल? हा अपराधभाव सज्जनांचा आहे, म्हणून तो कुऱ्हाडीपेक्षा जास्त बोचतो. दळवींचा बॅरिस्टरही याच जातीचा.

‘क्लॉड ईथरली’ ही मुक्तिबोधांची कथा आणखी सरळ आहे. खरा ईथरली अमेरिकन वैमानिक. 6 ऑगस्ट 1945 ला हिरोशिमावरचं हवामान पाहून कळवणाऱ्या विमानात तो होता. बॉम्ब टाकणारं विमान दुसरं. पुढे तो सैरभैर झाला, किरकोळ गुन्हे करू लागला, मनोरुग्णालयात ठेवला गेला. मुक्तिबोध काय करतात, तर त्याला थेट आपल्याकडच्या एका गावात आणून ठेवतात. रस्त्यावरून दिसणारी पिवळ्या उन्हात चमकणारी उंच भिंत, निळ्या चौकटीतला काचेचा झरोका, त्यातून डोकावणारा निवेदक, आणि त्याला भेटणारा एक संशयास्पद इसम, जो स्वतः हेरखात्यातला आहे. तो सांगतो, आत कोण आहे ते. निवेदकाचा विश्वास बसत नाही, आपलाही बसत नाही. मग हळूहळू लक्षात येतं, ज्याचा विवेक अजून टोचतो तो आत कोंडलेला आहे, आणि ज्यांचा टोचत नाही ते बाहेर पानाच्या ठेल्यावर उभे आहेत. बॉम्ब टाकलेला नाही, फक्त आभाळ निरभ्र आहे असं कळवलं. एवढ्यासाठी आयुष्यभर झुरायचं? उत्तर तुमचं तुम्ही द्या. पण ते देताना आपण कधी, कोणाला, कशासाठी ‘आभाळ निरभ्र आहे’ असं कळवलं होतं, हे आठवू लागतं. कथा तिथे पकडते.

याच राजनांदगावात जन्मलेले आणि आपल्या रायपूरचे झालेले विनोदकुमार शुक्ल यांनी 1979 साली ‘नौकर की कमीज’ लिहिली. त्यात खून तर सोडाच, कोणी धड ओरडतही नाही. कचेरीतला एक गरीब कारकून, संतू बाबू. साहेबानं आदर्श नोकराच्या मापाचा एक शर्ट जपून ठेवलाय. त्या मापाचा नोकर मिळत नाही. एक दिवस कचेरीतलेच सहकारी संतूला धरतात आणि तो शर्ट बळेच त्याच्या अंगात घालतात. शर्ट त्याला बेतून शिवल्यासारखा बसतो. घट्ट असता तर बंड सोपं होतं. पुढे संतू घरी, बायकोशी, घरमालकाशी जे काही बोलतो ते वाचताना आपण एकच तपासत राहतो, हे संतू बोलतोय की शर्ट? ही कादंबरी कोणी रहस्यकथा म्हणून विकली नाही. विकायला हवी होती.

आता शेवटचं, आणि ते इथल्या मराठी मंडळींसाठी आहे. तुमच्यापैकी काहींचे पूर्वज बिंबाजी भोसल्यांच्या काळात, म्हणजे 1758 नंतर, रतनपूरकडे आले. काही इंग्रजी अमदानीत कचेऱ्यांत, शाळांत, रेल्वेत आले. काही भिलाईचा कारखाना उभा राहिला तेव्हा. तात्यापारा, बूढापारा, चौबे कॉलनी. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, बाजारात छत्तीसगढी. घरचं भांडण शेजाऱ्याला कळू नये म्हणून मराठीत करायचं, आणि मुलांना कळू नये म्हणून त्याहून जुन्या मराठीत. (हशा) हसताय, पण या व्यवस्थेत केवढं दडवता येतं बघा! परमुलखात आपण सगळे ‘महाराष्ट्रीयन परिवार’ असतो. सभ्य, शिकलेले, गणपतीत नाटक बसवणारे. या प्रतिमेला तडा जाऊ नये म्हणून कोणी काय काय गिळलं असेल? भिलाईच्या सेक्टरमधल्या एखाद्या क्वार्टरमध्ये पाळी संपवून पहाटे परतणारा फोरमन, तीस वर्षं तेच तीन शब्द बोलून झोपणारा. नागपूरहून लग्न होऊन आलेली आणि माहेरच्या पत्रात सगळं छान आहे असंच लिहिणारी बायको. त्या दोघांमध्ये काय घडलं होतं? त्या घराची कादंबरी मराठीत नाही. पुण्या-मुंबईच्या लेखकाला ती लिहिता येणार नाही, कारण त्याला कुठल्या वेळी कुठली भाषा बंद होते ते ठाऊक नाही. तुम्हाला आहे.

लिहिलीत, तर एक विनंती. शेवटच्या प्रकरणात डॉक्टर आणू नका. आणि फोरमनच्या बायकोला नुसती सोसणारी करू नका. ‘सगळं छान आहे’ असं ती का लिहीत राहिली, हे तिच्याकडून वदवून घ्या, तिला कितीही जड गेलं तरी.

मागे उभी असलेली मंडळी फार वेळ उभी आहेत, त्यामुळे इथेच थांबतो. प्रश्न असतील तर अध्यक्षांच्या परवानगीनं घेऊ, आणि काकांचा पहिला.